२२ हजार माणसं कमी करायची होती : फ्रान्स टेलिकॉमचं प्रकरण

२० डिसेंबर २०१९ रोजी पॅरिसच्या फौजदारी न्यायालयाने फ्रान्स टेलिकॉम ही कंपनी आणि तिचे सात माजी अधिकारी यांना दोषी ठरवलं. गुन्हा होता कर्मचाऱ्यांचा मानसिक छळ, आणि काहींच्या बाबतीत त्या छळाला साथ. आरोपींपैकी सर्वांत वरच्या तिघांनी कुणाला शिवीगाळ केली नव्हती, कुणाचा चारचौघांत अपमान केला नव्हता. पीडितांना आपण व्यक्तिशः ओळखतही नव्हतो, हा त्यांच्या बचावातला एक मुद्दाच होता. त्यांनी एक योजना आखली होती आणि ती खालपर्यंत राबवून घेतली होती. न्यायालयाने म्हटलं, छळ त्या योजनेतच होता.

कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मनापासून काही करू इच्छिणाऱ्या प्रत्येक मॅनेजरने आणि एचआरमधल्या प्रत्येकाने हे प्रकरण समजून घ्यावं असं मला वाटतं. आपल्याकडे हा विषय निघाला की समुपदेशकाचा नंबर, ध्यानाचं ॲप, ताण कमी करण्याची दोन तासांची कार्यशाळा, अशी चर्चा सुरू होते. या कंपनीतही त्रासलेल्या कर्मचाऱ्यांचं ऐकून घेणारे कक्ष होते. तरीही माणसं खचली, काहींनी जीव दिला, कारण माणूस आजारी पडत होता तो कामामुळे, आणि कामाला कुणी हात लावत नव्हतं.

आधी पार्श्वभूमी. फ्रान्समधला टेलिफोन हे कित्येक दशकं सरकारी खातं होतं, पोस्टाच्या जोडीचं. त्याला फ्रान्स टेलिकॉम हे नाव मिळालं १९८८ मध्ये, आणि १९९० च्या कायद्याने ते पोस्टापासून वेगळं झालं. १९९७ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, १९९८ पासून फोनची बाजारपेठ स्पर्धेला पूर्ण खुली झाली. २००० मध्ये तिने ऑरेंज ही मोबाइल कंपनी विकत घेतली. अशा खरेद्यांमुळे २००२ च्या अखेरीस कर्ज ७० अब्ज युरोंच्या घरात गेलं. २००४ मध्ये सरकारचा हिस्सा निम्म्याच्या खाली आला.

माणसं मात्र तीच राहिली. त्यातली बहुसंख्य स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी नोकर म्हणून लागलेली. देशभर खांब उभे करून, केबल टाकून घरोघरी फोन पोहोचवणारी ही पिढी. इंटरनेट घरात येण्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, फोनच्या तारेवरून माहिती पुरवणारं मिनिटेल यंत्र लाखो फ्रेंच घरांत गेलं ते यांच्याच हातून. लोकांना सेवा देणं हा त्यांच्या लेखी नोकरीचा अर्थ होता. आता ग्राहकाला काहीतरी विकणं हा अर्थ झाला. हा बदल सोपा नव्हता, पण निव्वळ या बदलाने माणसं मोडली असं म्हणणं चुकीचं ठरेल. जगभरच्या टेलिफोन कंपन्या या वळणावरून गेल्या आहेत.

खरी मेख वेगळीच होती. सरकारी नोकराचा दर्जा असल्यामुळे या लोकांना कामावरून काढता येत नव्हतं. १९९६ पासून वयाच्या पंचावन्नीला आलेल्यांना काही पगारासह लवकर मोकळं होण्याची सोय होती आणि हजारोंनी ती आनंदाने घेतली होती. तिची मुदत २००६ च्या अखेरीस संपत होती. त्यानंतर माणसं कमी करायची तर एकच वाट उरत होती : जायचा निर्णय त्यांनी स्वतः घ्यायला हवा होता.

दिदिये लोम्बार २००५ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘नेक्स्ट’ ही योजना जाहीर केली. २००६ ते २००८ या तीन वर्षांत सुमारे १ लाख २० हजारांपैकी २२ हजार लोक कमी करायचे, १० हजार लोकांचं काम बदलायचं आणि ६ हजार नवे घ्यायचे. कागदावर सगळं ऐच्छिक. २२ हजार हा नुसता अंदाज आहे, उद्दिष्ट नव्हे, असं व्यवस्थापन खटल्यातही सांगत राहिलं. पण २० ऑक्टोबर २००६ रोजी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीत लोम्बार यांनी सांगितलं होतं, की २००७ मध्ये मी ही माणसं कमी करणारच, या मार्गाने नाहीतर त्या, खिडकीतून नाहीतर दारातून. बैठकीतल्या बोलण्याची लेखी नोंद होती. पुढे ती न्यायालयात वाचली गेली.

आता हा आकडा खाली कसा उतरला ते जवळून पाहू, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

प्रत्येक विभागाला किती लोक कमी झाले याचा हिशेब वर द्यावा लागे. मॅनेजरच्या बोनसमध्ये हा आकडा धरला जाई. म्हणजे आपल्या हाताखालच्या माणसाने राजीनामा दिला की त्याच्या साहेबाच्या खिशात चार पैसे जास्त पडत. अशा मॅनेजरकडे एखादा कर्मचारी ‘मला झोप लागत नाही, हे काम जमत नाही’ असं सांगायला गेला तर काय होईल? मॅनेजर वाईट असायची गरजच नाही. त्याच्यासमोर बसलेला माणूस खचत चाललाय ही बातमी त्याच्या कोष्टकात प्रगती म्हणून नोंदली जाणार असते.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. मॅनेजरांना एक आलेख शिकवला गेला, ‘शोकाची वक्ररेषा’. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी १९६९ मध्ये मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून काही टप्पे मांडले होते : नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. त्यावर बेतलेली ही रेषा नोकरी किंवा काम गमावणाऱ्याला लावली गेली. मला या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील हाच वाटतो. मरण टळत नाही, म्हणून तिथे स्वीकाराकडे जाण्याला अर्थ आहे. बदलीचा आदेश टळू शकतो, बदलू शकतो, पुढे ढकलता येतो. पण आलेख डोक्यात बसला की कर्मचाऱ्याचा राग ही तक्रार राहत नाही, तो एक टप्पा होतो. त्याचं खचणंही टप्पा होतं, म्हणजे गाडी बरोबर दिशेने चाललीय याची खूण. ज्या लक्षणांवर डॉक्टरला बोलवायचं, त्याच लक्षणांवर मॅनेजरने थांबून वाट पाहायची, अशी ही शिकवण होती.

तिसरी गोष्ट म्हणजे सतत हलवत राहणं. मॅनेजरांची दर तीन वर्षांनी बदली ठरलेली. कार्यालयं बंद होत, दुसऱ्या शहरात जात. काहींचं पद रद्द होई आणि नवं काम मिळत नसे. रोज वेळेवर यायचं आणि रिकाम्या टेबलाशी बसायचं. अंतर्गत ‘विकास कक्ष’ होते, तिथे बोलावून बाहेरच्या नोकऱ्या, स्वतःचा धंदा, दुसऱ्या सरकारी खात्यात वर्ग होणं असे पर्याय समोर ठेवले जात, आणि पुन्हा पुन्हा ठेवले जात.

अनेक तंत्रज्ञांना कॉल सेंटरवर पाठवलं गेलं. ज्याने वीस-पंचवीस वर्षं रस्त्यावरच्या पेटीतल्या शेकडो तारांतून नेमकी बिघडलेली जोडी शोधून काढली, त्याच्या कानावर आता हेडफोन आला. समोर पडद्यावर काय बोलायचं ते लिहिलेलं. कॉल किती मिनिटं चालला याची नोंद. लाइन का बंद आहे हे त्याला समोरच्याच्या दोन वाक्यांत कळायचं, पण ते सांगायची मुभा नव्हती. आधी लिहिलेले प्रश्न विचारायचे, मग नवं पॅकेज विकायचं. पगार तोच, नोकरीची हमी तीच. गेलं ते कसब, आणि त्या कसबाबरोबर चार लोकांत असलेला मान.

अमेरिकन संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र इथे तंतोतंत लागू पडतं. नुसतं जास्त काम माणसाला तितकं खात नाही. कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार जवळजवळ शून्य, हे मिश्रण खातं.

इशारे मिळाले नाहीत असं अजिबात नाही. २००७ मध्येच दोन युनियननी मिळून ताण आणि सक्तीच्या बदल्या यांवर नजर ठेवणारी एक वेधशाळा उभी केली. संशोधकांना बरोबर घेतलं, लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. कंपनीच्या व्यवसाय-आरोग्य डॉक्टरांनी धोक्याच्या सूचना दिल्या, काहींनी नोकरी सोडली. यावर व्यवस्थापनाचं उत्तर होतं ऐकून घेणारे कक्ष. त्रास होतोय? या, बोला. कर्मचारी प्रतिनिधींनी यालाच आक्षेप घेतला. बोलून माणूस परत त्याच टेबलाशी, त्याच साहेबासमोर जाणार. शिवाय आपली दुखरी नस ज्यांच्या हाती द्यायची ते कंपनीचेच लोक. असा कक्ष उघडून संस्था एक गोष्ट न बोलता सांगून जाते : अडचण तुझ्यात आहे.

२००८ आणि २००९ या दोन वर्षांत कंपनीतल्या ३५ जणांनी आत्महत्या केल्या. जुलै २००९ मध्ये एका तंत्रज्ञाने मागे ठेवलेल्या पत्रात कामाशिवाय दुसरं कारण नसल्याचं लिहिलं होतं आणि दहशतीच्या जोरावर चालणाऱ्या व्यवस्थापनाचा उल्लेख केला होता. आत्महत्येमागे क्वचितच एकच कारण असतं आणि प्रत्येक मृत्यूचा दोष कामावर टाकता येणार नाही, हे इथे सांगायलाच हवं. न्यायालयानेही प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासलं.

त्या सप्टेंबरात लोम्बार यांनी पत्रकारांसमोर आत्महत्यांची ही ‘फॅशन’ थांबवायला हवी असे शब्द वापरले. देशभर संताप उसळला आणि त्यांना ते शब्द मागे घ्यावे लागले. ऑक्टोबरमध्ये एका संख्याशास्त्रज्ञाने, रने पादिये यांनी, लेख लिहून दाखवलं, की कामाच्या वयातल्या फ्रेंच लोकसंख्येतलं आत्महत्यांचं प्रमाण पाहिलं तर या कंपनीतला आकडा जास्त ठरत नाही. हा युक्तिवाद आजही ऐकू येतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. एक तर त्या लोकसंख्येत बेरोजगार आणि कामच करू न शकणारे आजारी लोकही येतात. कायम नोकरी असलेल्यांचं प्रमाण मुळात कमीच असायला हवं. दुसरं आणि महत्त्वाचं, कामाच्या जागेची तपासणी मृत्यूंच्या सरासरीवरून करायचीच नसते. एका यंत्राने एका कामगाराचा हात गेला तर आपण देशातल्या अपघातांची सरासरी काढत बसत नाही, यंत्र पाहतो. लोक काय सांगत होते, काय लिहून ठेवत होते, डॉक्टर काय नोंदवत होते, हे पुरावे समोर होते.

मग मात्र गोष्टी हलल्या. सक्तीच्या बदल्या आधी काही आठवडे थांबवल्या, नंतर ती स्थगिती वाढवली. दर तीन वर्षांनी मॅनेजर हलवण्याचा नियम रद्द झाला. उपप्रमुख लुई-पिएर वेनेस यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी आलेले स्तेफान रिशार मार्च २०१० मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. एका बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेने सगळ्या कर्मचाऱ्यांना मोठी प्रश्नावली पाठवली आणि सुमारे ८० हजार जणांनी ती भरून दिली. इतक्या लोकांनी उत्तर द्यावं हाच एक निष्कर्ष होता. कुणीतरी विचारण्याची ते वाट पाहत होते. त्यानंतर युनियनबरोबर कामाची रचना, घर आणि नोकरी यांचा मेळ, ताणाला आधीच आळा घालणं यांवर करार झाले. नवी भरती जाहीर झाली. सर्वांत बोलका बदल म्हणजे वरिष्ठांच्या बोनसचा एक भाग आता कर्मचाऱ्यांच्या स्थितीच्या निर्देशांकाला जोडला गेला. ज्या कळीने पूर्वी माणसं ढकलली जात होती, तीच कळ उलट फिरवली गेली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. २०१४ मध्ये आत्महत्यांची संख्या वाढल्यावर त्याच वेधशाळेने पुन्हा गंभीर इशारा दिला. एकदा तुटलेला विश्वास करारावर सही झाली म्हणून परत येत नाही.

कायद्याची बाजू कामगार निरीक्षक सिल्वी कताला यांच्यामुळे पुढे सरकली. त्यांनी २०१० च्या सुरुवातीला सविस्तर अहवाल सरकारी वकिलांकडे पाठवला. त्याआधी एका युनियनने तक्रार केलीच होती. खटला उभा राहायला २०१९ चा मे महिना उजाडला. न्यायालयासमोर ३९ जणांची प्रकरणं होती : १९ आत्महत्या, १२ प्रयत्न, आणि नैराश्यात गेलेले किंवा काम करू न शकलेले ८ जण. निकालात न्यायालयाने तीन गोष्टींवर बोट ठेवलं : प्रत्येक पातळीवर कमी झालेल्या माणसांच्या आकड्याचा पाठपुरावा, मॅनेजरांच्या मोबदल्यात त्या आकड्याला दिलेलं स्थान, आणि प्रशिक्षणातून मधल्या फळीची घडवलेली मानसिकता. कंपनी लहान करणं बेकायदा नव्हतं. त्यासाठी निवडलेले मार्ग बेकायदा होते.

लोम्बार, वेनेस आणि एचआर प्रमुख ऑलिव्हिए बार्बेरो यांना प्रत्येकी एक वर्ष कैद, त्यातले आठ महिने स्थगित, आणि १५ हजार युरो दंड झाला. कंपनीला ७५ हजार युरो, म्हणजे त्यावेळच्या कायद्यातला कमाल दंड. कंपनीने शिक्षा मान्य केली. लोम्बार आणि वेनेस अपिलात गेले. ३० सप्टेंबर २०२२ च्या निकालात दोष कायम राहिला, कैद मात्र पूर्ण स्थगित झाली. २१ जानेवारी २०२५ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, कूर द कासास्योंने, हाच निर्णय कायम केला. संस्थेच्या धोरणातूनही छळ होऊ शकतो आणि त्यासाठी साहेबाचा आणि पीडिताचा थेट संबंध असावाच लागत नाही, हे यामुळे पक्कं झालं.

मग कर्मचाऱ्यांना आधार द्यायचा म्हणजे काय करायचं? ब्रिटनमधल्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने कामाच्या ताणाची सहा मुळं सांगितली आहेत : कामाचा बोजा, त्यावरचा स्वतःचा ताबा, मिळणारं पाठबळ, आपसातले संबंध, आपली भूमिका स्पष्ट असणं, आणि बदल कसा हाताळला जातो. फ्रान्स टेलिकॉममध्ये सहाही ठिकाणी घाव बसले होते. यातलं एकही मूळ समुपदेशकाच्या खोलीत सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत कामाच्या रचनेतले बदल आणि मॅनेजरांचं प्रशिक्षण यांना वैयक्तिक मदतीच्या बरोबरीने स्थान आहे. विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताणनियोजन, मनाची लवचिकता वाढवण्याचे वर्ग, ॲप अशा उपक्रमांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचं दिसलं नाही. अपवाद होता समाजासाठी स्वयंसेवक म्हणून काम करण्याचा.

याचा अर्थ वैयक्तिक मदत निरुपयोगी आहे असा कुणी काढू नये. नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात त्याला आज, आत्ता डॉक्टर आणि जवळचं माणूस हवं, कामाच्या रचनेवरची बैठक नव्हे. आजारातून परत येणाऱ्याला सुरुवातीला कमी तास आणि हलकं काम देऊन हळूहळू पूर्ववत आणणंही तितकंच मोलाचं. पण बरा झालेला माणूस ज्या खुर्चीवर परत बसणार आहे ती खुर्चीही पाहायला हवी.

माझ्या मते एचआरच्या माणसाने या प्रकरणातून एक तपासणी उचलावी : आपल्या संस्थेत मॅनेजरला बोनस कशाबद्दल मिळतो ते काढून पाहावं, आणि ते मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता याचा प्रामाणिक विचार करावा. तो मार्ग हाताखालच्या माणसांच्या अंगावरून जात असेल, तर बाकी कुठल्याही उपक्रमाआधी तो बदलावा. कंपनीच्या डॉक्टरचं किंवा समुपदेशकाचं निरीक्षण, नावं न घेता, संचालक मंडळापर्यंत पोहोचायची वाट असावी. बदली करायची तर आधी माणसाशी बोलावं, शिकायला वेळ द्यावा, आणि त्याचा नकार ऐकून निर्णय बदलू शकेल असं कुणीतरी त्याच इमारतीत असावं.

एक आक्षेप उरतो आणि तो खोटा नाही. कंपनी कर्जात बुडाली होती, तंत्रज्ञान बदललं होतं, माणसं जास्त होती. दुसरं काय करणार? याचं उत्तर कंपनीनेच दिलं. २००९ च्या अखेरीपासून तिने निवृत्तीजवळ आलेल्यांसाठी अर्धवेळ कामाची योजना आणली. तास कमी व्हायचे, पगार मात्र त्या प्रमाणात कमी होत नसे, आणि जायची तारीख कर्मचाऱ्याला आधीच ठाऊक असे. ही योजना पुन्हा पुन्हा वाढवली गेली. हजारो लोक त्या वाटेने बाहेर पडले.